थंडीत रक्त दाट होतं, पण ॲस्पिरिनने ते पातळ होत नाही

ग्वाल्हेरात पारा उतरला की लष्कर भागातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: ‘थंडीने रक्त घट्ट होतं आणि अटॅक येतो. पन्नाशी उलटलेल्यांनी रोज सकाळी ॲस्पिरिन घ्या, रक्त पातळ राहील. हिमोग्लोबिन जितकं जास्त तितकी ताकद जास्त.’

थंडीने रक्त दाट होतं हे खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं खपून जातं. गारठ्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, लघवी जास्त होते, रक्तातलं पाणी घटतं. पेशी मात्र तेवढ्याच राहतात. 1984 साली ब्रिटनमध्ये निरोगी माणसांना सहा तास सौम्य गारव्यात ठेवून मोजलं, तेव्हा दाटपणा 21 टक्क्यांनी वाढलेला आढळला. रक्तदाबही चढला होता.

ॲस्पिरिनचं मात्र चूक आहे. ती गोळी प्लेटलेटना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही, गुठळी धरायला अडथळा करते. दाटपणा मुख्यतः ठरतो तो लाल पेशींच्या गर्दीवर, आणि तिथे ती काहीच करत नाही. नुसता प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव, पाण्याच्या दुपटीइतकाही दाट नसतो. पेशींसकट रक्त तिप्पट-चौपट दाट असतं. शिवाय पेशी वाढतात त्या मानाने दाटपणा कितीतरी वेगाने वाढतो. दिवाळीत ग्वाल्हेरच्या बाड्यावर, भर बाजारात, जसं आणखी थोडी माणसं आली की चालणंच थांबतं, तसं. उलट ॲस्पिरिनने पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी दिली असेल तर मनाने बंद करू नका. दिली नसेल तर मेसेज वाचून सुरू करू नका.

हिमोग्लोबिनबद्दलचं वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर हिमोग्लोबिनच्या जवळच एचसीटी किंवा पीसीव्ही अशी ओळ असते. रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, ते तिथे कळतं. समजा हिमोग्लोबिन 18.5 आणि एचसीटी 56 आहे. ही ताकद नव्हे. बिडी ओढणाऱ्याच्या हिमोग्लोबिनवर धुरातला कार्बन मोनॉक्साइड ठाण मांडतो, म्हणून शरीर जादा पेशी बनवतं. कधी कारण झोपेत श्वास अडकण्याचं असतं, कधी फुप्फुसाचं, तर कधी पॉलिसायथेमिया व्हेरा या अस्थिमज्जेच्या आजाराचं. त्या आजारात रक्त काढून एचसीटी 45 च्या खाली ठेवतात. सोबत ॲस्पिरिन दिली तरी ती गुठळी टाळण्यासाठी असते.

पुरुषांत हिमोग्लोबिन 16.5 किंवा एचसीटी 49 च्या वर, बायकांत 16 किंवा 48 च्या वर दिसलं, तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. बिडी आजच सोडा, आणि तहान लागली नाही तरी हिवाळ्यात पाणी पीत राहा.