हौसेला भाव नाही

रविवारी आमच्या घरात एक गृहस्थ खिशात गोटी घेऊन आले. वय सदुसष्ट. मला 'काका' म्हणाले. मी एकसष्टचा आहे.

डोंबिवली पूर्वेतला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा टू बीएचके आम्ही विकायला काढलाय. गुडघे माझे, निर्णय बायकोचा आणि मुलगी पुण्यात. कारणं संपली. दोन महिन्यांत अकरा पार्ट्या येऊन गेल्या. 'पार्टी' हा एजंटचा शब्द. तो फोनवर "साहेब, पार्टी घेऊन येतोय" म्हणाला की अजूनही मला क्षणभर काहीतरी खायला मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात खायला आम्हीच देतो.

ही बारावी पार्टी. घेणारा मुलगा तिशीचा. तो आणि त्याची बायको सोफ्याच्या कडेला, कुणाच्या तरी समाचाराला आल्यासारखे बसून राहिले. बोलायला त्यांनी मामा आणला होता. मामा निवृत्त. कुठून, असं विचारलं तर "ऑडिट" एवढंच म्हणाले. माझ्या हातातला पाण्याचा ट्रे हलला.

मामांनी पाणी नाकारलं, खिशातून गोटी काढली आणि हॉलच्या मधोमध उकिडवे बसले. काचेची, आत निळी-पिवळी पाकळी असलेली गोटी. मला वाटलं नातवाची असेल, रुमालाबरोबर चुकून निघाली. तर त्यांनी ती फरशीवर ठेवली, हात काढून घेतला आणि श्वास रोखून बघत राहिले. गोटी थोडा वेळ विचारात पडली. मग निघाली, टीपॉयच्या दोन पायांमधून गेली, जरा वेग घेतला आणि शोकेसखाली दिसेनाशी झाली.

"उतार आहे," मामा म्हणाले.

"तुम्ही ढकललीत."

"मी सोडली."

"सोडताना बोट लागलं."

"काका, वीस वर्षं सोडतोय."

शोकेस अस्सल सागवानी. १९९९ साली चार माणसांनी वर आणलं आणि त्यातला एक नंतर आठवडाभर झोपून होता. ते हलवण्याचा प्रश्नच नव्हता. मामांनी जमिनीला गाल लावून खाली पाहिलं, झाडूची दांडी मागितली, ती फिरवली. एक रबरबँड, विजेचं एक जुनं बिल आणि बायकोच्या मते मी हरवलेलं, माझ्या मते तिने हरवलेलं एक पेन बाहेर आलं. गोटी नाही.

मग वही निघाली. शाळकरी, दोनशे पानी, मधोमध उभी रेघ. डावीकडे 'आहे', उजवीकडे 'नाही'. 'आहे'च्या रकान्यात वरच्या ओळीत 'भिंती' लिहिलेलं मी स्वतः वाचलं. 'नाही'च्या रकान्याला मात्र पान पुरेना. लिफ्ट नाही. पार्किंग नाही. गॅसची पाइपलाइन नाही. पाणी चोवीस तास नाही. "समोर बिल्डिंग आहे," असं मी मदत म्हणून सुचवलं, तर त्यांनी 'मोकळी हवा' असं उजवीकडे लिहिलं.

मोबाइलमधला कंपास तळहातावर धरून मामा संडासात शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही चौघं एकमेकांकडे न बघता चिवडा खात बसलो. अखेर कडी वाजली.

"ईशान्य," ते म्हणाले. सुतकी आवाज. "ईशान्येला देव हवेत."

"देव तिथे ठेवले तर आम्ही जायचं कुठे?" बायकोने विचारलं. तिचा प्रश्न त्यांनी वहीत घेतला नाही.

टेप काढून मोजणी झाली. आमच्या १९९७च्या ॲग्रीमेंटमध्ये ६२० चौरस फूट आहे. मामांच्या टेपला ४९० भरलं. ६२० सुपर बिल्ट-अप होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण इतक्या वर्षांत कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं. रेरा कायदा आल्यापासून नवीन इमारतींत बिल्डरला कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, सांगावं लागतं. आमच्या वेळी तो सांगेल त्या आकड्याला आपण पेढे वाटायचे. बाकीचे १३० फूट म्हणजे बाहेरच्या भिंती आणि जिन्याचा वाटा. गृहकर्जाचा दर तेव्हा पंधरा टक्क्यांच्या आसपास होता. त्या दराने मी जिन्याचे हप्ते फेडले, आणि आता तोच जिना मला चढवत नाही.

स्वयंपाकघरात बायको पुढे झाली. कारण ओटा तिचा. काळा ग्रॅनाइट, २०११ साली केलेला, त्यासाठी तीन शनिवार दुकानात बसून तिने ठिपका नसलेली लादी शोधली होती. तिने ओट्यावरून हात फिरवला. मामांनीही फिरवला. मग बोटाकडे बघितलं.

"हा काढायला लागणार."

"का?"

"मुलांना मॉड्युलर हवंय. काढायची मजुरी, डेब्रिज खाली नेणं, तेही तीन जिने." ते उजव्या रकान्यात लिहू लागले. म्हणजे सव्वा लाखाचा ओटा आमच्या किमतीतून वजा होत होता.

"अहो, पण त्याला खर्च आलाय!" मी म्हणालो.

"काका, तो खर्च म्हणजे तुमची हौस. आमच्या हिशेबात हौसेला भाव नाही."

हे वाक्य मी रविवारपासून चघळतोय. मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसली आणि तिने मला अमेरिकेतला एक प्रयोग ऐकवला. १९९०च्या सुमारास काहनमन, नेच आणि थेलर या तिघा संशोधकांनी वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचे मग वाटले आणि लगेच खरेदी-विक्री करायला सांगितलं. ज्यांना मग मिळाला ती मुलं जी किंमत मागत होती, तिच्या निम्म्याच्या आसपासच न मिळालेली मुलं द्यायला तयार होती. "बाबा, वस्तू आपली झाली की आपल्याला ती महाग वाटायला लागते," ती म्हणाली. ठीक आहे. पण त्या मुलांकडे मग किती वेळ होता? घटकाभर. माझ्याकडे हा मग अठ्ठावीस वर्षं आहे, आणि त्याचं वॉटरप्रूफिंग मी दोनदा केलंय.

अर्थात खोटं आम्हीही बोलतो. जाहिरातीत एजंटने 'स्टेशनपासून चालत ५ मिनिटं' लिहिलंय. डोंबिवलीत घराची किंमत खोल्यांवर ठरत नाही, या मिनिटांवर ठरते. हे अंतर मी आयुष्यभर चाललोय. बारा मिनिटं लागतात. गाडी चुकणार असेल तर नऊ. पाच मिनिटांत पोचायचं तर तिसऱ्या मजल्यावरून गॅलरीतूनच निघायला हवं. मामा अर्थातच स्टेशनवरून घड्याळ लावून आले होते. "चौदा," ते म्हणाले. "सिग्नल धरून." त्या रस्त्यावर सिग्नल नाही. पण ऑडिटशी कोण भांडणार?

एवढ्या वेळात त्या मुलाने एकच प्रश्न विचारला. तोही निघताना, चपला घालता घालता.

"काका, सोसायटी रीडेव्हलपमेंटला कधी जाणारे?"

आणि पहिल्यांदाच त्या दोघांचे डोळे चमकले. तेव्हा मला लख्ख कळलं की हे लोक घर बघायला आलेच नव्हते. मोझॅकची फरशी, तिच्यावर मी दर दिवाळीला पॉलिशसाठी ओतलेले पैसे, ओटा, शोकेस, यातलं काही त्यांना नकोच होतं. त्यांना हवा होता खालच्या जमिनीतला सोळावा हिस्सा आणि वर एक स्वप्न, ज्यात लिफ्ट आहे, पार्किंग आहे आणि देव ईशान्येला आहेत. आमच्या घरात सगळ्यात मौल्यवान गोष्ट कोणती, तर ते पाडलं जाण्याची शक्यता. राग आला. अजून आहे. माणसाने निदान चिवडा खाऊन झाल्यावर तरी असं विचारू नये.

"चर्चा चालू आहे," मी म्हणालो. सहा वर्षं चालू आहे. २०१९पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. आम्ही सोळा, म्हणजे नऊ हवेत. दर सभेत आठ हात वर होतात. नववा सभासद दर वेळी म्हणतो की एवढा चांगला ओटा केलाय, तो कुठे नेऊ. हे मी त्या मुलाला सांगितलं नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं, पण तीही गप्प बसली.

मामांनी जिन्यात थांबून ऑफर दिली. एकोणपन्नास लाख नव्वद हजार.

"हे नव्वद कुठून आले?"

"पन्नासला टेकलं की एक टक्का टीडीएस, म्हणजे कर, कापून भरायला लागतो. फॉर्म, चलन, कोण करत बसणार? तुमचेच पन्नास हजार वाचवतोय."

तो कापलेला टीडीएस माझ्याच नावावर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, एवढं मलाही कळतं. आम्ही अठ्ठावन्न मागितले होते. आठ लाख दहा हजार तोडून हा माणूस माझे पन्नास हजार वाचवत होता. मी "विचार करून सांगतो" म्हणालो. त्यांनी डब्यातला उरलेला चिवडा कागदात बांधून मागितला. बायकोने दिलासुद्धा.

मंगळवारी कामवाल्या मावशींना गोटी सापडली. शोकेसखाली नव्हतीच. शोकेसच्या मागून निघून, पॅसेज ओलांडून, बाथरूमच्या उंबऱ्याला टेकून बसली होती. मी ती धुऊन खिशात टाकली आणि तेवढ्यात फोन वाजला. मामा. भावाबद्दल असेल म्हणून मी आवाज जरा जड केला.

"काका, माझी गोटी मिळाली का?"

खिशातली गोटी बोटांत फिरवत मी म्हणालो, "नाही बुवा. सगळीकडे शोधली. कुठे गेली काही कळत नाही."

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे फारच लांब गेली," मामा म्हणाले. "बघा, मी म्हटलं नव्हतं? उतार आहे. पन्नास हजार कमी करतो."