टप की पत्रा

मागच्या वर्षी आमच्या न्यू जर्सीच्या घराचं छप्पर बदललं. छपरावाल्याचा फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होतो. शिंगल्सचा रंग कुठला, हमी किती वर्षांची, पैसे कसे देणार, हे सगळं ठरवून मी फोन ठेवला तेव्हा अर्धा कांदा अजून शिल्लक होता. त्याच मी पुढे एका मोटारीचं छप्पर ठरवण्यात चौदा महिने घालवले.

मोटार म्हणजे माझ्दा एमएक्स-फाइव्ह. अमेरिकेत तिला सगळे मियाटा म्हणतात. दोन दारं, दोन सीटा आणि मागे डिकी म्हणून एक खोलगट जागा. मियाटाचे दोन अवतार मिळतात. एकीला कापडी टप असतो आणि तो हाताने मागे ढकलायचा. दुसरीचं नाव आरएफ, म्हणजे रिट्रॅक्टेबल फास्टबॅक. तिच्या डोक्यावर पत्रा. बटण दाबलं की तो 13 सेकंदांत आपला आपण घडी होऊन मागे जाऊन बसतो. इंजिन दोघींचं तेच, 2 लिटरचं, 181 हॉर्सपॉवरचं. लांबी तीच, चाकं तीच, तोंडावरचा तो किंचित रागावलेला भावही तोच. फरक काय तो डोक्यावर.

"छप्पर उघडं ठेवायलाच घेतोयस ना गाडी?" बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं. ती वाणसामानाची यादी लिहीत होती, डाव्या हाताने, मान वरही न करता. "मग ते कापडाचं का लोखंडाचं, काय फरक पडतो?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी एक्सेल उघडलं.

त्याआधी हे खूळ आलं कुठून ते सांगायला हवं. ही गाडी जगाला पहिल्यांदा दिसली 1989 च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. त्या वेळी मी सांगलीत अकरावीला होतो, आणि मला ती त्यानंतर वर्षभराने रद्दीच्या दुकानात दिसली. एका परदेशी मासिकाचं सुटं पान होतं. त्यावर लाल, बुटकी, डोळे वर करून बघणारी गाडी. तेव्हाच्या मियाटाचे दिवे बॉनेटमधून वर यायचे आणि काम झालं की मिटायचे. रद्दीवाल्याने त्या पानाचे पैसे घेतले नाहीत, पण पान दिलं भज्यांची पुडी बांधून. पानावरच्या गाडीला मधोमध तेलाचं छप्पर आलं. सुरुवात अशी झाल्यावर पुढचं सरळ कसं होणार?

तेव्हा आमच्या दारात नानांची फियाट होती. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण तिला त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. पुढे सलग बाकासारखी सीट, स्टीअरिंगला चिकटलेला गिअर आणि सकाळी ओढायचा चोक. मे महिन्यात पुण्याला निघालो की खंबाटकी घाटात पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी थांबायची. मग नाना खाली उतरून, फिरकीच्या तांब्यातलं पाणी फडक्यावर ओतून ते बॉनेटखालच्या पेट्रोलच्या पंपावर ठेवायचे. आम्ही झाडाखाली दशम्या खायचो. मी गाडी चालवायला शिकलो ती हीच. त्यामुळे गाडी म्हणजे जी अधूनमधून थांबते आणि मग सगळे खाली उतरून गप्पा मारतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

तर नानांना आणि आईला व्हिडिओ कॉलवर दोन्ही गाड्यांचे फोटो दाखवले. आईने चष्मा लावून कापडी टपाची नीट पाहिली.

"ही तर रिक्षा."

"आई, स्पोर्ट्स कार आहे ती."

"असेल. पण रिक्षाला मागे तीन बसतात. आणि आम्ही आलो की कुठे बसायचं?"

नाना दुसऱ्या फोटोकडे बघत होते. "पत्रा चांगला आहे," ते म्हणाले. "पण मोटर लावलीये म्हणतोस. मोटर म्हटली की बिघाड आला. त्यापेक्षा फियाट बघ ना एखादी." जगातल्या कुठल्याही प्रश्नाला नानांचं हे उत्तर असतं. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी मुलीकडच्यांना पहिला प्रश्न विचारला होता, गाडी कुठली आहे. बायकोच्या वडिलांकडे अँबॅसिडर होती. बोलणी थोडक्यात वाचली.

एक्सेलमध्ये 37 ओळी झाल्या. वजनाची पहिली. आरएफ कापडी मियाटापेक्षा सुमारे 50 किलोंनी जड, म्हणजे तांदळाचं एक पोतं कायम डोक्यावर. ज्या कंपनीच्या इंजिनिअरांनी ही गाडी बनवताना ग्रॅम-ग्रॅम वजन वाचवलं, त्यांनीच नंतर वर पोतं ठेवलं याचं मला फार वाईट वाटलं. मग मी स्वतःचं वजन त्याच रकान्यात लिहिलं आणि ती ओळ लपवून टाकली. डिकीची ओळ त्याहून चुरशीची. कापडीची डिकी 130 लिटरची, आरएफची 127. तीन लिटरचा फरक! बायको म्हणाली, म्हणजे आपला कुकर. झाकणासकट का, असं मी विचारल्यावर ती उठून गेली.

आमच्या ओळखीत ही बातमी पसरली आणि एडिसनला ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या दुकानांत, भाजी घ्यायला जाणं अवघड झालं. कोथिंबीर निवडताना मागून आवाज यायचा, "काय, टप का पत्रा?" मराठी मंडळातल्या एका ज्येष्ठांनी ब्लेडने टप फाडून चोरी होते हे मला इतक्यांदा सांगितलं, की चोराला शेवटी हाती काय लागणार हा विचार मी करू लागलो. या गाडीला पुढे कप्पा नसतो. जो आहे तो दोन सीटांच्या मध्ये, पाठीमागे. तिथून बडीशेपेची पुडी काढायलाही योगासनं यावी लागतात. दुसऱ्या एकाचं म्हणणं, एवढ्या पैशात सात सीटांची गाडी येते. हे म्हणणारा माणूस प्रत्येक गटात एक असतो. लग्नात तो वधूवरांना मुदत ठेवीबद्दल सांगतो.

लेक कॉलेजातून सुट्टीला आली होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय समजूतदार आवाजात म्हणाली, "बाबा, इट्स ओके. सगळ्यांना होतो मिडलाइफ क्रायसिस." त्या खांद्यावर हात ठेवल्याने मी कळवळलो, पण तिला वाटलं मला भरून आलं.

आठव्या महिन्यात मी आरएफ चालवून पाहायला गेलो. विक्रेता तरुण होता, शर्टाच्या बाह्या मापाच्या. बसण्याआधी त्याने मला 'जिन्बा इत्ताई' ऐकवलं. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत तशी गाडी आणि चालक, अशी माझ्दाची कल्पना आहे. मी आयुष्यात घोड्यावर एकदाच बसलोय, महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी. लगाम घोडेवाल्याच्या हातात होता आणि घोडा अख्खा वेळ त्याच्याशी एकजीव होता. हे मी विक्रेत्याला सांगितलं नाही.

रूट वन या हमरस्त्यावर सिग्नलला थांबलो. म्हटलं, बघूया तो प्रसिद्ध तमाशा. बटण दाबलं. मागचं सगळं झाकण उचललं गेलं, पत्रा डोक्यावरून उठला, शेजारच्या ट्रकमधल्या माणसाने कौतुकाने मान वाकवली, आणि सातव्या सेकंदाला सिग्नल हिरवा झाला. आता हा पत्रा गाडी ताशी 10 किलोमीटरच्या आत असेल तरच हलतो. पुढे जावं तर छप्पर त्रिशंकू, थांबावं तर मागे हॉर्न. मी मधला मार्ग काढला. रूट वनवरून बैलगाडीच्या वेगाने, आभाळाकडे झाकण उघडून, दोन्ही बाजूंनी अमेरिकन शिव्या खात सहा सेकंद गेलो. ही सहा सेकंदं मी एक्सेलमध्ये अडतिसाव्या ओळीत लिहिली.

शिवाय आरएफचा पत्रा गेला तरी मागच्या दोन्ही बाजूंचे खांब जागेवरच राहतात. त्यामुळे ती खिडकीतून आभाळ पाहिल्यासारखी उघडी होते, आणि हायवेवर वारा नेमका कानामागे येऊन काहीतरी सांगत बसतो. पण छप्पर बंद असताना ती इतकी देखणी दिसते, की पार्किंगमध्ये उतरून चालायला लागल्यावर मी तीनदा वळून पाहिलं. कापडी गाडीकडे वळून बघितलं तर ती हसते. हिच्याकडे बघितलं तर आपण पोट आत घेतो. फरक हा असा होता. एक्सेलमध्ये त्याला रकाना नव्हता.

नवव्या महिन्यात एका रात्री एक वाजता मला शोध लागला. 2016 पासून 2020 पर्यंत फियाटने 124 स्पायडर नावाची गाडी बनवली होती, आणि ती बनायची हिरोशिमाला, माझ्दाच्याच कारखान्यात, मियाटाच्याच सांगाड्यावर! इंजिन फक्त इटालियन, 1.4 लिटरचं टर्बो. म्हणजे दोन अवतारांत निवड करता करता तिसरा निघाला, तोही फियाट. सांगलीत तेव्हा सकाळ होती. माझ्याने राहवलं नाही.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. "मग विषय मिटला," ते म्हणाले.

"पण नाना, बंद झाली ती. आता जुनीच मिळेल."

"आपणही जुनीच घेतली होती."

"आणि काही बिघडलं तर?"

"फडकं ठेव जवळ." नाना 82 वर्षांचे आहेत. टर्बोचंही भागेल, म्हणाले, ओल्या फडक्याने.

तीन आठवडे मी जुन्या फियाटी शोधल्या. एक सापडली कनेटिकटमध्ये. मालकाने फोनवर गाडीविषयी कमी आणि घटस्फोटाविषयी जास्त सांगितलं. पुन्हा मूळ प्रश्नावर आलो.

बायकोने यानंतर अल्टिमेटम दिला. 2016 मध्येच मियाटाच्या उत्पादनाचा आकडा दहा लाखांवर गेला, हे मीच तिला कधीतरी अभिमानाने सांगितलं होतं. "दहा लाख माणसांना ठरवता आलं," ती म्हणाली. "शनिवारी मी येते. घ्यायची तर घे, नाहीतर ती फाइल डिलीट कर."

शनिवारी त्याच दुकानात लाल रंगाची कापडी गाडी बाहेर उभी होती. विक्रेत्याने सीटवर बसल्या बसल्या दाखवलं. वर काचेपाशी मधोमध एक खटका. तो सोडायचा, टप धरायचा, खांद्यावरून मागे न्यायचा आणि दाबायचा. खट्. उपरणं मागे टाकावं तितकं सहज. तीन सेकंदं लागली असतील. परत तसाच पुढे ओढून बंद केला. "नाउ यू, सर."

आता एक गोष्ट मी चौदा महिने कुणाला सांगितली नव्हती. एक्सेललाही नाही. माझा उजवा खांदा त्याआधीच्या हिवाळ्यापासून आखडलाय. डॉक्टरांनी त्याला फ्रोझन शोल्डर म्हटलं. फ्रीजमध्ये विसरलेल्या वाटाण्यासारखं वाटतं ते नाव. हात पुढे जातो, खाली जातो, बाजूला कसाबसा जातो. मागे जात नाही. शर्टाची उजवी बाही मी सकाळी आधी घालतो, मग शर्ट माझ्याभोवती फिरवून घेतो. आणि अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणजे टप ढकलायचा तो उजव्याच हाताने.

खटका सुटला. टप धरला. अर्ध्यावर गेल्यावर खांदा म्हणाला, बास. मी हात वर करून, एका बोटाने छप्पर तोलून धरलेला, गोवर्धन उचललेल्या कृष्णाच्या पोजमध्ये तसाच बसलो. सोडावं तर डोक्यावर येणार. ढकलावं तर ओरडणार. चेहऱ्यावर मात्र मी विचारमग्न भाव ठेवला, जणू कापडाचा पोत तपासतोय.

विक्रेता हुशार होता. "सर," तो हळूच म्हणाला, "तुमच्यासाठी आरएफ जास्त योग्य राहील."

हे 'तुमच्यासाठी' मला फार लागलं. मुख्य म्हणजे त्याचं बरोबर होतं. आरएफच्या बटणाला खांदा लागत नाही. अडतीस ओळींनी जे सांगितलं नव्हतं ते एका हाडाने सांगितलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात शेजारून एक हात आला. डावा. त्याने माझ्या बोटावरून छप्पर उचललं, मागे नेलं आणि खट्.

बायको मागे वळून बघत होती. लहानपणी या हातावर तिने वेताच्या छडीचे मार खाल्लेत. सासरी पहिल्या सणाला नैवेद्याचं पान त्याच हाताने वाढायला घेतलं म्हणून आईने तिच्या हातातून पळी काढून घेतली होती. शेजारच्या सीटवरून मधल्या खटक्यापर्यंत पोचायला डावा हातच लागतो, हे त्या जपान्यांनी जणू तिच्यासाठी ठरवलं होतं. तिने टप पुढे ओढला. बंद केला. पुन्हा उघडला. परत बंद, परत उघडा. पाचव्या वेळी ती हसायला लागली, चौदा महिन्यांत या विषयावर पहिल्यांदा.

"ही घेऊ," ती म्हणाली. "तू चालव. छप्पर माझ्याकडे."

विक्रेत्याने कागद काढले. आरएफपेक्षा काही हजार डॉलर वाचले. त्यातले बरेचसे आता फिजिओथेरपीला जातात.

परवा रविवारी एडिसनहून येत होतो, टप उघडा. डिकीत भाजी, तिच्या मांडीवर तांदळाची 20 पौंडी पिशवी, कारण ती डिकीत राहिली नाही. पेट्रोलला थांबलो. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे पंपावरचे सरदारजी आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि वाकून म्हणाले, "सरजी, छत बेच दी क्या?" मी उत्तर शोधत होतो, तोवर तांदळाच्या पिशवीवर पहिला टपोरा थेंब पडला. मी सवयीने हात वर केला आणि कळवळून खाली घेतला.

बायको व्हिडिओ कॉलवर होती, तिच्या आईशी. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. फोन उजव्या हातात घेतला.

"आई, एक मिनिट थांब हं," ती म्हणाली. "छप्पर घालते."