लिटल वॉल्टरचा आवाज ॲम्पमध्ये नव्हता

हार्मोनिका, म्हणजे माऊथ ऑर्गन, शिकणाऱ्यांमध्ये एक समजूत इतकी पसरली आहे की नव्या माणसाला एक सूर नीट लागण्याआधीच ती ऐकवली जाते. ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतातल्या हार्मोनिकाचा तो जाड, भरदार, थोडा फाटलेला आवाज म्हणजे सगळी सामानाची करामत, असं ती सांगते. बुलेट माइक (मुठीत मावणारा गोलसर माइक), जुन्या धाटणीचा ट्यूब ॲम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा ध्वनिवर्धक) आणि लाकडी कॉम्बची (हवेचे कप्पे असलेल्या मधल्या चौकटीची) महाग हार्मोनिका जमवली की आवाज आलाच, बाकी जोर लावून फुंकायचं. हे खोडून काढणं मला गरजेचं वाटतं, कारण या समजुतीपायी लोक आधी पैसे घालवतात, आणि आवाज मिळाला नाही की वाद्यच सोडून देतात. ते सोडून देणं मला फार लागतं. खाली अवतरणात दिलेली वाक्यं या समजुतीची आहेत, त्यांखाली माझं उत्तर.

"लिटल वॉल्टरचा आवाज म्हणजे १९५९चा फेंडर बासमन."

लिटल वॉल्टर हा शिकागोचा ब्लूज हार्मोनिका वादक, आणि फेंडर बासमन हा एक ट्यूब ॲम्प. तारखाच जुळत नाहीत. वॉल्टरचं 'ज्यूक' हे वादन शिकागोत मे १९५२ मध्ये रेकॉर्ड झालं आणि बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. लोक ज्या बासमनचं नाव घेतात त्यात दहा इंचांचे चार स्पीकर असतात. १९५२च्या बासमनमध्ये पंधरा इंचांचा एकच स्पीकर होता, चार स्पीकरचा नंतर आला. म्हणजे ज्या ॲम्पला श्रेय दिलं जातं तो त्या रेकॉर्डिंगच्या वेळी बनलेलाच नव्हता.

ॲम्प या वाद्याच्या वाट्याला का आला, हेही इथे पाहायला हवं. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात, क्लबांमध्ये, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या गलक्यात दहा भोकांची हार्मोनिका ऐकूच जाईना. माइक हातात घेऊन हार्मोनिकाला चिकटवला तो आधी ऐकू जावं म्हणून. मग वॉल्टरच्या लक्षात आलं की ॲम्प ताणला गेला की त्याचा स्वतःचा एक रंग निघतो, आणि त्या रंगाला त्यानं संगीतात आणलं. हे श्रेय मोठं आहे आणि त्याचंच आहे. पण रंग लावायला आधी रेषा लागते. १९५० साली त्यानं ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सबरोबर केलेली रेकॉर्डिंग ऐका, त्यात ॲम्प नाही. सुराची सुरुवात टोकदार आहे, वाक्य कुठे तोडायचं याची जाण आहे, लांब सुरावरचा कंप मोजका आहे. दोन वर्षांनी जगानं जे ऐकलं त्यातलं बरंचसं तिथे आधीच आहे.

"बुलेट माइकशिवाय जाड आवाज निघतच नाही."

मग सनी बॉय विल्यमसन या नावाच्या दोन हार्मोनिका वादकांपैकी दुसऱ्यांचं काय करायचं? राइस मिलर हे त्यांचं दुसरं नाव. ते बहुतेक वेळा गाण्याच्या साध्या माइकसमोर उभे राहून वाजवत आणि दोन्ही हातांची ओंजळ उघडत-मिटत आवाजाला बोलतं करत. हात न लावता, नुसती तोंडात धरूनही ते हार्मोनिका वाजवत, आणि तेव्हाही आवाज बारीक होत नसे. आणखी एक वादक सनी टेरी १९३८ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून गेले ते अशाच उघड्या हार्मोनिकावर.

या जाडीचं मूळ तोंडात आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. हार्मोनिकाची रीड, म्हणजे हवेनं थरथरणारं पितळेचं पातं, एवढीशी असते. तिच्यामागे तोंड, घसा आणि छातीपर्यंतची हवेची पोकळी उभी असते. जबडा सैल, जीभ खाली, घसा जांभई देताना असतो तसा मोकळा असेल तर त्या पोकळीतून खालचे स्वरांश, म्हणजे सुरात मिसळलेले जाड घटक, उचलले जातात. जीभ वर आली, गाल आखडले की तोच सूर चिरका होतो. यात माइकचा काहीही संबंध नाही.

बेंड, म्हणजे एकाच भोकातला सूर खाली उतरवणं, हेही असंच होतं. C पट्टीची हार्मोनिका घ्या. ब्लूजमध्ये ती बहुधा G मध्ये वाजवतात, म्हणजे दुसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की आपला सा. तिसऱ्या भोकातून ओढला की शुद्ध गंधार, चौथ्यातून पंचम, पाचव्यातून कोमल निषाद. त्या तिसऱ्या भोकात दोन रीड असतात, ओढण्याची B आणि फुंकण्याची G. जिभेचा मागचा भाग सरकवून तोंडातल्या हवेचा अनुनाद खाली आणला की B ची रीड हळूहळू मागे हटते आणि G ची रीड कंप घ्यायला लागते. सूर तीन अर्धस्वर खाली उतरतो: कोमल गंधार, रिषभ, कोमल रिषभ. ब्लूजचा खरा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो, आणि तो त्या जागी धरून ठेवावा लागतो. मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ही जागा लवकर ओळखू येते, एवढा फायदा आपल्याला नक्की आहे. पण ती जागा कुठल्याही ॲम्पच्या बटणावर नाही.

जिभेचं आणखी एक काम आहे. ओठांनी तीन-चार भोकं झाकायची, जिभेनं डावीकडची बंद करायची आणि उजव्या कोपऱ्यातून एकच सूर काढायचा, याला टंग ब्लॉकिंग म्हणतात. जीभ क्षणभर उचलली की मुख्य सुराआधी कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या अनेक सुरांचा, एक फटका बसतो. मधली दोन भोकं झाकून पहिलं आणि चौथं उघडं ठेवलं की एकच सूर दोन सप्तकांत वाजतो. शिकागोच्या आवाजातला मोठेपणा पुष्कळसा या दोन गोष्टींत आहे. ओठ चंबूसारखे करून वाजवणारेही उत्तम वादक आहेत, त्यावरून भांडायचं कारण नाही. पण माइक घेण्याआधी महिनाभर जीभ कामाला लावून पाहा, एवढं मी कळकळीनं सांगेन.

बुलेट माइक काय करतो, तेही सांगायला हवं. शुअरचा ग्रीन बुलेट किंवा ॲस्टॅटिकचा जेटी-३० वरचे स्वरांश कापतो, मधले पुढे आणतो. पण त्याचा खरा परिणाम माइक आणि हार्मोनिका यांच्याभोवती हातांची घट्ट, हवाबंद मूठ बसली तरच होतो. एका बोटाच्या फटीनंही आवाज पातळ होतो. म्हणजे तिथेही हातच वाजतात.

"जोर हवा तर जोरात फुंका, उरलेलं ॲम्प करेल."

हा सगळ्यांत नुकसान करणारा सल्ला आहे. रीडवर हवेचा दाब फार वाढला की तिचा सूर किंचित उतरतो, आवाज घुसमटतो, आणि रोज असंच वाजवलं तर पितळ थकून रीड एक दिवस कायमची बेसूर होते. सतत बदलाव्या लागणाऱ्या हार्मोनिकांमागे बहुधा हेच कारण असतं.

ॲम्पबद्दल तर उलटं आहे. ताणलेला ट्यूब ॲम्प मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर कमी करतो, सगळं एका पातळीवर आणतो. त्यामुळे चढउतार वादकालाच करावे लागतात. हळू वाजवलं की ॲम्प स्वच्छ बोलतो, थोडा दाब वाढवला की फाटतो, मूठ सैल केली की पुन्हा निवळतो. ही तिन्ही दारं उघडी ठेवायची तर मूळ वाजवणं मृदू असायला हवं. नेहमीच पूर्ण जोरात वाजवणाऱ्याला आवाज वाढवायला जागाच उरत नाही. गायक दमसास राखून तान टाकतो, तसंच आहे हे. बिग वॉल्टर हॉर्टन यांनी १९५३ साली मेम्फिसमध्ये सन या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेलं 'ईझी' हे वादन ऐका. ॲम्प सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच आहे, आणि वाजवणं मऊ सुरुवातीपासून फाटलेल्या गर्जनेपर्यंत जातं. तो चढ श्वासाचा आहे.

"लाकडी कॉम्बमुळे आवाज उबदार होतो."

गिटारची लाकडी पाटी थरथरते आणि हवा हलवते, हार्मोनिकाचं तसं नसतं. रीड पितळी पट्टीवर बसवलेली असते, ती हवेचा झोत कापते आणि त्यातूनच आवाज निघतो. कॉम्बचं काम हवा गळू न देणं. लाकूड ओलाव्यानं फुगतं, नीट बसलेलं प्लास्टिक फुगत नाही. गळती हा आवाजातला खरा फरक आहे.

"चांगला बेंड हवा तर खास बनवून घेतलेली कस्टम हार्मोनिका घ्या."

इथे सामानाला त्याचं देणं द्यायला हवं. रीडची पट्टीपासूनची फट चुकीची असेल, हवा गळत असेल, तर शिकणाऱ्याला उगाच झगडावं लागतं. काही हार्मोनिकांची कॉर्ड शुद्ध प्रमाणात लावलेली असते, काहींची पियानोसारखी, आणि पहिल्या प्रकारात कॉर्ड जास्त गोड लागते, हेही खरं. पण शिकागोचे ते जुने वादक बहुतेक होनरची मरीन बँडच वाजवत. १८९६ पासून बनत आलेली, दुकानात सहज मिळणारी हार्मोनिका होती ती.

आपल्याकडे मात्र एक वेगळीच अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माऊथ ऑर्गन म्हणून जी सहसा विकली जाते ती ट्रेमोलो असते, वर-खाली दोन ओळींत भोकं असलेली. तिच्यात प्रत्येक रीडला स्वतंत्र कप्पा असतो, एका कप्प्यात फुंकण्याची आणि ओढण्याची रीड एकत्र नसतेच. त्यामुळे वर सांगितलेला बेंड तिच्यावर होत नाही, कितीही रियाज केला तरी. अनेकजण याला आपली कमतरता समजतात, ती त्यांची नाही. दुकानात C पट्टीची दहा भोकांची डायटॉनिक मागा, वर जिच्याबद्दल बोललो तीच. तिसऱ्या भोकाचा सूर कोमल गंधारावर आणून चार ठोके स्थिर ठेवता यायला लागला की मग माइकची चौकशी करा.