डझन काढा आणि बढती मिळवा

प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे एखादी वस्तू किंवा सॉफ्टवेअर कसे असावे हे ठरवण्याच्या कामात, दीर्घकाळाची कारकीर्द घडवू इच्छिणाऱ्या तरुण मित्रांनो, सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरील एका टॉवेल कारखानदाराने आपल्याला सल्ला द्यावा, हे आपल्याला विचित्र वाटेल. परंतु आमच्या बिलांच्या सॉफ्टवेअरने गेल्या तीन वर्षांत चार प्रॉडक्ट मॅनेजर पाहिले आहेत, त्यामुळे अशा कारकिर्दी कशा घडतात याचा अनुभव आमच्या दिवाणजींइतका क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल.

सर्वप्रथम पदांचा आराखडा करावा. माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. गड्ड्याच्या यात्रेला तो आला होता, तेव्हा त्याने मला आपला दहा वर्षांचा आराखडा मोठ्या हौसेने दाखवला. असोसिएट, सीनियर, ग्रुप, डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट अशा पायऱ्या त्यात सुबक रंगांत मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक पायरीपुढे वर्षही लिहिलेले होते. त्या आराखड्यात प्रॉडक्टचे नाव मात्र एकदाही आलेले नव्हते. (मी विचारले, तेव्हा ‘मामा, ते बदलत राहते’ असे उत्तर मिळाले.)

दुसरे म्हणजे, कोणत्याही ठिकाणी अठरा महिन्यांहून अधिक राहू नये. घेतलेल्या निर्णयाचे फळ दिसायला साधारण दोन वर्षे लागतात आणि ते चाखायला आपण तेथे असणे धोक्याचे असते.

झालेल्या कामाला ‘इम्पॅक्ट’ म्हणावे, न झालेल्या कामाला ‘व्हिजन’.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपली वस्तू जो वापरतो, त्याच्या दारात कधीही पाऊल ठेवू नये. कारखान्यात मागांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नाही, कपड्यांना सुताचा भुगा चिकटतो, आणि एखादा दिवाणजी आपल्याला काहीतरी दाखवू लागण्याची भीती असते. त्यापेक्षा वातानुकूलित खोलीत बसून ‘युजरला काय हवे’ यावर चिठ्ठ्या चिकटवाव्यात. अशाच एका खोलीत गेल्या महिन्यात कोणाच्या तरी लक्षात आले की आमच्या पडद्यावर एककांची यादी फार लांब आहे आणि पडदा ‘क्लीन’ दिसण्यासाठी ती छाटायला हवी. गुरुवारी सकाळी अपडेट आला आणि यादीतून ‘डझन’ नाहीसे झाले. टॉवेल डझनावर विकला जातो, हे सोलापुरात शाळकरी पोरही सांगेल. जीएसटीच्या एककांच्या सरकारी यादीतसुद्धा डझनाला जागा आहे. या हुशार मंडळींच्या पडद्यावर तेवढी नव्हती. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याची २०० डझनांची ऑर्डर होती आणि दर डझनाला ९०० रुपये ठरला होता. सॉफ्टवेअरने डझनांचे २,४०० नग केले, दर मात्र ९०० रुपयेच ठेवला, आणि १,८०,००० रुपयांचे बिल २१,६०,००० रुपयांचे करून परस्पर व्यापाऱ्याला पाठवूनही दिले. त्याच आकड्यावर ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी लागणारा जीएसटीचा दाखला, निघाले. ते रद्द करायला २४ तासांची मुदत असते. त्यातले सहा तास मी हेल्पलाइनचे संगीत ऐकण्यात घालवले आणि भरलेला ट्रक फाटकात उभा राहिला. व्यापाऱ्याचा फोन आला, ‘मालक, यंदा टॉवेलला सोन्याची जरी लावली काय?’ शेवटी हेल्पलाइनवर एक मुलगा भेटला. बिचारा अदबीने म्हणाला, ‘काका, ज्या सरांनी हा बदल केला ते मागच्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीत गेले आणि नवे सर अजून प्रॉडक्ट समजून घेत आहेत.’ संध्याकाळी मला एक दुवा आला. आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल?

या पेशाचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या नील मॅकएलरॉयचे अनुकरण तर मुळीच करू नये. हा गृहस्थ १९२५ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या कंपनीत लागला. १३ मे १९३१ रोजी, कॅमे साबणाच्या जाहिरातींचे काम पाहत असताना, त्याने तीन पानांचे एक टिपण लिहिले. प्रत्येक ब्रँडची संपूर्ण जबाबदारी एका माणसावर असावी आणि जेथे विक्री खालावते तेथे त्याने स्वतः जाऊन, दुकानदारांत आणि गिऱ्हाइकांत फिरून कारण शोधावे, असे त्यात होते. १९४८ साली तो त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला. १९५७ साली तेथून निघाला तो थेट अमेरिकेचा संरक्षणमंत्री व्हायला. एकाच कंपनीत बत्तीस वर्षे! आजच्या मुलाखतीत त्याला ‘ग्रोथ माइंडसेट नाही’ म्हणून परत पाठवतील.

आता उपरोध पुरे झाला, स्पष्टच सांगतो. तुमच्या कारकिर्दीचे नियोजन तुम्ही खुशाल करा, पण ते आमच्या बिलांवर करू नका. चार जण आले. चौघांनी पडदा बदलला आणि चौघेही बढती घेऊन गेले. त्यांतला एकही हुतात्मा एक्स्प्रेसचे तिकीट काढून सोलापूरला आला नाही. पुण्याहून चार-पाच तासांचा प्रवास आहे, चंद्रावर यायचे नव्हते. दिवाणजींच्या शेजारी अर्धा तास बसला असतात, तर डझन काढायचा विचारही तुमच्या मनाला शिवला नसता. केलेली चूक निस्तरायला थांबत नाही, त्या माणसाला अनुभव कसला आला? पाच जागी एकेकदा चुकणे म्हणजे पाच वर्षांचा अनुभव नव्हे. लाज वाटू द्या थोडी! नव्या साहेबांनी प्रॉडक्ट सावकाश समजून घ्यावे, पण आधी डझन परत आणावे. तोवर आमचे दिवाणजी प्रत्येक बिल कागदावर करून, दराला बाराने भागून, मग तुमच्या त्या स्वच्छ पडद्यावर भरत आहेत, आणि त्या पडद्याची वर्षभराची वर्गणी आम्ही आगाऊ भरलेली आहे.