बेन अँड बेनमध्ये माती कुठे आहे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बेन अँड बेन या फिलिपिनो बँडच्या वाटचालीवर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे मुद्दे चार ओळींत उरकण्यासारखे नाहीत, म्हणून हे उत्तर वेगळं लिहितेय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या मते या बँडला ‘इंडी फोक’, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र राहून केलेलं लोकसंगीताच्या वळणाचं गाणं, म्हणणं ही धूळफेक आहे. सोनीसारख्या कंपनीकडून अल्बम काढणारे, सिनेमांना गाणी देणारे आणि गीतस्पर्धेतून पुढे आलेले लोक इंडी कसले? दोन अकूस्टिक गिटार, एक व्हायोलिन आणि गोड गळे एवढ्या भांडवलावर फोक होत असेल, तर इंग्लंड-अमेरिकेची नक्कल करणारा प्रत्येक कॉलेजकुमार लोककलावंत ठरेल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘यात फिलिपिन्सची माती कुठे आहे?’

सोनीचा मुद्दा आधी संपवते. ‘लिमासावा स्ट्रीट’ हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम २०१९ साली सोनी म्युझिक फिलिपिन्सकडून आला. त्या अर्थाने इंडी म्हणू नका, माझी हरकत नाही. पण त्यांच्या संगीताचं मोल करारावरून ठरवायचं असेल, तर तोच नियम जुन्यांनाही लावावा लागेल. तिथे तुमची खरी अडचण सुरू होते.

फिलिपिनो लोकसंगीताचं नाव घेतलं की सगळे आधी फ्रेडी अगिलार या गायकाकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. मनिलाच्या ‘हॉबिट हाउस’सारख्या ठिकाणी गिटार घेऊन गाणारा हा माणूस. विरोधी पक्षनेते निनॉय अकिनोंच्या हत्येनंतर, १९८३ पासून, हुकूमशहा मार्कोसच्या विरोधातल्या जनसागरापुढे ‘बायान को’ (माझा देश) हे गाणं गाणारा. २०२५ च्या मे महिन्यात तो गेला. पण त्याचं ‘आनाक’ हे जगभर गेलेलं गाणं लोकांपुढे आलं कुठून? १९७८ च्या मेट्रो मनिला पॉप्युलर म्युझिक फेस्टिव्हलमधून. म्हणजे गीतस्पर्धेतूनच. अंतिम फेरीत ते होतं, पहिलं बक्षीस मात्र दुसऱ्याच गाण्याला मिळालं. म्हणून ‘आनाक’ला कुणी नकली म्हणत नाही.

असिन या त्याच काळातल्या फिलिपिनो फोक बँडचंही तसंच. ‘मास्दान मो आंग कापालिगिरान’ हे नद्यांच्या आणि हवेच्या नासाडीवरचं त्यांचं गाणं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पर्यावरणावर इतकं थेट गाणारे लोक आशियात फार नव्हते. या बँडमधली दोन मुलं दक्षिण कोताबातोची होती. आपल्या जन्मभूमीत चाललेल्या रक्तपातावर त्यांनी गाणं केलं आणि तेही रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. असिन अस्सल आणि बेन अँड बेन बाजारू, अशी विभागणी कंपनीच्या शिक्क्यावरून करता येत नाही.

आता २०१६ कडे या. माझ्या मूळ लेखात ही गोष्ट एका वाक्यात निसटून गेली होती आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे. पाओलो आणि मिगेल गिको हे जुळे भाऊ. दोघांच्याही नावात बेंजामिन आहे, म्हणून त्यांचा जोडगट आधी ‘द बेंजामिन्स’ म्हणून ओळखला जायचा. त्या वर्षी त्यांनी ‘तिनातांगी’ हे गाणं फिलपॉप या गीतस्पर्धेला दिलं. तिथे गीतकार वेगळा आणि गायक वेगळा असू शकतो. या दोन कोवळ्या पोरांचं गाणं गायला उभ्या राहिल्या कुकी चुआ आणि बायांग बारिओस या दोन जुन्या गायिका.

बायांग बारिओस मिंदानाओ बेटावरच्या आगुसान देल सुरच्या, मनोबो या आदिवासी समाजातल्या. गायक-गीतकार जोई अयालाच्या ‘बागोंग लुमाद’ या बँडमध्ये त्या गायच्या. या बँडने मिंदानाओच्या आदिवासींची दोन तारांची हेगालोंग आणि तोंडाशी धरून वाजवायचं बांबूचं कुबिंग आधुनिक गाण्यांत आणलं. कुकी चुआ, बायांग बारिओस आणि असिनच्या लोलिता कार्बोन या तिघींनी मिळून ‘त्रेस मारियास’ नावाने गाण्याचे कार्यक्रम केलेत. म्हणजे असिनची लोलिता ज्यांच्या खांद्याला खांदा लावून गाते, त्या दोघींनी गिको भावांचं गाणं आपल्या गळ्यातून लोकांपर्यंत नेलं. तुम्ही माती मागितलीत. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हातात हात दिला, तो क्षण रेकॉर्डिंगमध्ये आहे. ‘तिनातांगी’ची ती आवृत्ती शोधून ऐका. बायांगच्या आवाजातली खरखर आणि त्या मुलांची साधी चाल एकमेकांना कशी धरतात ते मला इथे लिहून सांगता येणार नाही.

कुबिंग आणि हेगालोंग बेन अँड बेनच्या ध्वनीचा कणा नाहीत, हे तुमचं निरीक्षण रास्त आहे. पण फिलिपिन्समधलं शहरी फोक जवळजवळ पन्नास वर्षं गिटारवरच उभं आहे. अगिलार गिटारवालाच होता. तीनशेहून जास्त वर्षं स्पेनच्या अमलाखाली राहिलेल्या देशात गिटार परकी मानायची, तर मग आपल्याकडच्या पेटीचं काय करायचं? कीर्तनातून पेटी काढा असं तुम्हीही म्हणणार नाही.

आता या बँडमधल्या नऊ जणांबद्दल. तुम्ही ‘दोन गिटार आणि गोड गळे’ म्हणालात, त्यावरून तुम्ही बहुतेक सुरुवातीचंच ‘लीव्हज’ ऐकलं असावं. जुळे भाऊ दोघांवरच थांबले असते तर त्यांची मिळकत जास्त झाली असती आणि दगदग कमी. त्यांनी उलटं केलं. इलेक्ट्रिक गिटारला पोच बारेत्तो, बेसला अ‍ॅग्नेस रेओमा, कीबोर्डला पॅट लासातेन, ड्रम्सला जॅम विलानुएवा, तालवाद्यांना टोनी मुन्योस आणि अँड्र्यू दे पानो, व्हायोलिनला कायफर काबुगाओ. ड्रम्स आणि बेस दोन्हीकडे बायका आहेत, आणि मला स्वतःला त्याचं फार अप्रूप आहे. नऊ माणसांचा बँड म्हणजे नऊ प्रवासखर्च, नऊ जेवणं, एका मानधनाचे नऊ वाटे. छोट्या बारच्या रंगमंचावर नऊ जण मावतही नाहीत.

यूट्यूबवर विश १०७.५ या रेडिओ केंद्राच्या बसमधलं त्यांचं ‘कथांग इसिप’ बघा. ही बस म्हणजे चाकांवरचा स्टुडिओ आहे, एका बाजूला काच, आत गाणारे आणि बाहेर रस्त्यावरची माणसं. इतक्याशा जागेत अख्खा बँड कोंबलेला. सुरुवातीला भावांचे आवाज एकमेकांना इतके जुळतात की हेडफोनमध्ये कोण कुठला ते कळत नाही. मग एकेक जण आत येतो आणि शेवटाकडे सगळेच गातात. गाणं एकट्याच्या कबुलीजबाबापासून सगळ्यांच्या तोंडी जाण्यापर्यंतचा प्रवास तुमच्या डोळ्यांसमोर करतं. फोक म्हणजे मला हेच अपेक्षित आहे, आणि यात मी तडजोड करणार नाही.

‘नुसती प्रेमगीतं’ हा तुमचा आरोप मात्र मला मान्य नाही. ‘सुसी’ हे गाणं २०१८ च्या ‘गोयो’ या चित्रपटासाठी केलेलं, अमेरिकेविरुद्धच्या युद्धात तिराद खिंडीत मारल्या गेलेल्या तरुण सेनापतीवरच्या. २०२१ च्या ‘कुवादेर्नो’ या अल्बममध्ये एसबी१९ या फिलिपिनो पॉप गटाबरोबर केलेलं ‘कापांग्यारिहान’ आहे, सत्ता हातात असलेल्यांच्या अरेरावीवर. राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंच्या राजवटीत लोकप्रिय बँडने असं गाणं काढायला छाती लागते. हा अल्बम झालाही वेगळ्याच परिस्थितीत. मनिलात टाळेबंदी महिनोन्‌महिने लांबली होती. मनिला परिसरातल्या कातिपुनान भागातला ‘रूट १९६’ हा बार, जिथे शहरातले कितीतरी इंडी बँड उभे राहिले, तो २०२० मध्ये कायमचा बंद झाला. नऊ जणांनी भेटायचं कुठे? त्यांनी एकत्र राहायला एक घर घेतलं, त्याला ‘पेबल हाउस’ नाव दिलं आणि तिथे हा अल्बम घडवला. त्यातल्या ‘सुगात’मध्ये मुनिमुनी हा दुसरा बँड त्यांच्या सोबत आहे. बासरी आणि कवितेच्या अंगाने जाणारा हा बँड तुम्हाला बेन अँड बेनपेक्षा जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

२०२४ च्या ‘द ट्रॅव्हलर अक्रॉस डायमेन्शन्स’बद्दल तुमचं आणि माझं बऱ्यापैकी जमेल. कल्पनारम्य कथेच्या चौकटीत सगळी गाणी बसवण्याच्या नादात मला तो अल्बम जड वाटला. मोठ्या सभागृहांची सवय झालेल्या बँडचा तो आवाज आहे. पण एका अल्बमवरून आधीची आठ वर्षं खोडून टाकू नका.

‘मराठी वाचकांना याचं काय?’ असंही तुम्ही विचारलंत. कोकणातली आणि गोव्यातली किती मुलं बोटीवर आहेत ते तुम्हाला ठाऊक असेलच, आणि बोटीवरचे बरेच सोबती फिलिपिनो असतात. मला हा बँड माझ्या मामेभावाकडून मिळाला, त्याला त्याच्या केबिनमधल्या सोबत्याकडून. दुसरं कारण जरा कटू आहे. फिलिपिन्समध्ये १९८७ साली राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनोंनी आदेश काढला की संगीत वाजवणाऱ्या प्रत्येक रेडिओ केंद्राने दर तासाला किमान चार मूळ फिलिपिनो गाणी वाजवावीत. तो नेहमी कसोशीने पाळला गेला असं नाही, पण सरकारने तसं ठरवलं तरी. मुंबईच्या खाजगी एफएमवर मराठी गाणं लागावं म्हणून आपण किती वर्षं ओरडतोय? इंग्रजीच्या एवढ्या दाबाखाली आपल्या भाषेत गाणारे नऊ जण मोठमोठी मैदानं कशी भरतात, हे समजून घेण्यात आपला फायदाच आहे.

तर ऐकायचा क्रम असा ठेवा: आधी ‘तिनातांगी’, बायांग आणि कुकीच्या आवाजात. मग बसमधलं ‘कथांग इसिप’. मग ‘सुसी’, ‘कापांग्यारिहान’ आणि ‘सुगात’. त्यानंतरही माती सापडली नाही तर पुन्हा लिहा. जोई अयालावर लिहायचं माझ्या मनात आहेच, तो वाद आपण तिथे पुढे नेऊ.