घरात बंदूक आहे का, हा प्रश्न आणि तुमचा राग

नमस्कार,

डॉक्टरांनी घरातल्या बंदुकीबद्दल का विचारावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार वर्षांच्या मुलाला लस द्यायला नेलं आणि डॉक्टरांनी 'घरात बंदूक आहे का?' असं विचारलं, म्हणून तुम्ही चिडलात. 'डॉक्टरने मूल तपासावं, आमचं कपाट नाही' हे तुमचं वाक्य मला लागलं, कारण फ्लोरिडात बालरोगतज्ज्ञ म्हणून मी हाच प्रश्न रोज विचारते.

आधी माझी चूक. 'फ्लोरिडाचा कायदा कोर्टाने रद्द केला' असं मी लेखात सरसकट लिहिलं होतं. तुम्ही म्हणता तसं ते अर्धवट आहे. २०११ च्या त्या कायद्याने डॉक्टरांना कारणाशिवाय बंदुकीबद्दल विचारायला आणि त्याची नोंद करायला मनाई केली होती; दंड दहा हजार डॉलरपर्यंत. फेब्रुवारी २०१७ मध्ये अकराव्या सर्किटच्या, म्हणजे फ्लोरिडा ज्याच्या कक्षेत येतं त्या केंद्रीय अपील कोर्टाच्या, पूर्ण पीठाने ती मनाई रद्द केली, कारण तिने डॉक्टरांच्या बोलण्यावरच बंधन येत होतं. पण बंदूक आहे म्हणून पेशंटशी भेदभाव करू नये, हे कलम कोर्टाने राखलं. ते राहिलं हे योग्यच झालं. हा कायदा आला त्यामागे फ्लोरिडातल्याच ओकाला शहरातली एक घटना होती. एका आईने उत्तर द्यायला नकार दिला, तर डॉक्टरांनी तिला तीस दिवसांत दुसरा डॉक्टर शोधायला सांगितलं. माझ्या मते त्या डॉक्टरांचं चुकलं. उत्तर न देण्याचा तिला पूर्ण हक्क होता, आणि त्यापायी मुलाचा डॉक्टर जाणं हा अन्याय होता.

आता तुमचा खरा मुद्दा: उत्तर लिहून ठेवलं की ते जातं कुठे? भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो, त्यामुळे बंदूक कोणाकडे आहे हे प्रशासनाला आधीच ठाऊक असतं. इथे अमेरिकेत तशी देशभराची यादी नाही. १९८६ चा केंद्राचा कायदा बंदूकमालकांची देशव्यापी नोंदणी करू देत नाही, फ्लोरिडाचा कायदाही ती करू देत नाही. मग डॉक्टरची फाइल हीच मागच्या दाराने केलेली यादी आहे, असं तुम्हाला वाटलं तर त्यात वेडेपणा काही नाही. विमा कंपनीची भीती मात्र सोडा. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यातच लिहिलंय, की कायदेशीर बंदूक आहे म्हणून हप्ता वाढवता येणार नाही. फाइलीला हिपा या, पेशंटची माहिती खासगी ठेवणाऱ्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, पण ते अभेद्य नाही. न्यायाधीशांनी आदेश दिला तर नोंद कोर्टात जाते. घटस्फोटात, मुलाच्या ताब्याच्या खटल्यातही जाऊ शकते.

म्हणून मी माझी पद्धत बदलली. किती बंदुका, कुठल्या, कुठे ठेवल्यात, यातलं काही मी लिहीत नाही. 'घरातल्या सुरक्षिततेबद्दल बोलणं झालं', एवढीच ओळ.

याहून अवघड भाग तुमच्या प्रतिक्रियेत आला नाही, पण मला तो जास्त छळतो. एप्रिल २०२१ पासून आम्ही लिहिलेल्या नोंदी पेशंटला लगेच पोर्टलवर, म्हणजे दवाखान्याच्या ऑनलाइन खात्यावर, दिसाव्या लागतात, आणि लहान मुलांच्या बाबतीत बहुतेकदा आईवडील त्या वाचतात. सोळा वर्षांची मुलगी एकटी बसून सांगते, की झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, आणि बाबांच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते तिला माहीत आहे. आता मी काय लिहू? कोणाला सांगू? जिवाला धोका असेल तर मी आईवडिलांशी बोलतेच, तिला तसं आधी सांगून. पण इतर वेळी तिचं खासगीपण आणि बापाचं खासगीपण एकाच पानावर येतं, आणि दोन्ही सांभाळायची जबाबदारी माझी असते. माझ्या पेशंटच्या गोष्टी सांगून हे पटवून द्यायचं मी टाळते. त्या माझ्या नाहीत.

तुम्ही लिहिलंत, 'पोहण्याच्या तलावाबद्दल विचारा, तो घटनेत नाही.' विचारतेच. तलावाला कुंपण आहे का, औषधं कुलपात आहेत का, गाडीत मुलाची सीट बसवलीय का, आणि त्याच दमात बंदूक. बंदूक बाळगण्याचा हक्क देणारी अमेरिकन घटनेची दुसरी दुरुस्ती सरकारला अडवते. मी सरकार नाही, माझ्या विचारण्याने तुमची बंदूक जात नाही. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. देशात बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट अनेकदा थोड्या वेळात ओसरते, आणि जे वाचतात त्यातले बहुतेक पुढेही जगतात. पण त्या वेळी बंदूक वापरली गेली तर दहातले जवळजवळ नऊ जण वाचत नाहीत. त्या थोड्या वेळात मध्ये एक कुलूप असावं, एवढ्यासाठी मी विचारते.

पुढच्या वेळी 'सांगायचं नाही' म्हणा. डॉक्टरांनी चेहरा पाडला तरी म्हणा. पोर्टलवर नोंद बघा. चुकीची असेल तर दुरुस्ती मागायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि बंदूक आहे की नाही, हे मलाही सांगू नका. असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलाला माहीत नसेल अशा जागी. तो आत्ता चार वर्षांचा आहे. सोळाचा होईल तेव्हा ती जागा पुन्हा बदला.