नऊ महिन्यांच्या बाळाचा 'यलो डे'

मागच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे सव्वासात. एक आई बाळाला सोडायला आली. खांद्याला ऑफिसची बॅग, एका हातात डब्याची पिशवी, फास्ट लोकल गाठायची घाई. तरी दारात घुटमळली आणि जरा चाचरतच म्हणाली, "काकू, तुम्ही वीकली ॲक्टिव्हिटी प्लॅन देता का हो? माझ्या मैत्रिणीच्या डेकेअरमध्ये ग्रुपवर टाकतात. काल त्यांचा यलो डे होता."

तिने मोबाईल पुढे केला. फोटोत मैत्रिणीचा नऊ महिन्यांचा मुलगा. अंगात पिवळं झबलं, दोन्ही तळहात पिवळ्या रंगाने माखलेले, पुढ्यात ड्रॉइंग पेपरवर त्या तळव्यांचं सूर्यफूल. फोटोच्या कडेला कुणा बाईचा हात, बाळाचं मनगट धरलेला. बाळ कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं, त्या हाताकडे बघत होतं.

"संध्याकाळी बोलू गं, गाडी जाईल," म्हणून मी तिला पिटाळलं. संध्याकाळी बोललोही, पण दारात उभ्याउभ्या किती सांगणार? म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डोंबिवलीत तळमजल्यावर, राहत्या घरात, गेली अकरा वर्षं मी पाळणाघर चालवते. एका वेळी सहाच मुलं. मी आणि मदतीला एक मावशी. सध्या सगळ्यात धाकटी सात महिन्यांची, थोरला पावणेतीन वर्षांचा.

आधी कबुली देते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही हेच करायचे. लाल दिवस, आंब्याचा दिवस, कापसाचा ससा. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत क्राफ्ट पेपर कापत बसायचे आणि सकाळी पोरं तो थेट तोंडात घालायची. मग मीच चिकटवायचे, मीच रंगवायचे आणि खाली मुलाचं नाव लिहायचे. एका राखीपौर्णिमेला मोत्यांच्या राख्या करायला घेतल्या. दूध उतू जातंय का बघायला मी वळले, तेवढ्यात दोन वर्षांच्या एका मुलीने मणी नाकात घातला. डॉक्टरांनी चिमट्याने काढला, दोन मिनिटांचं काम. पण रिक्षातून तिच्या आईला फोन करतानाचा माझा आवाज मला अजून आठवतो. त्या राखीचा फोटो मात्र झकास आला होता, ग्रुपवर बदामांचा पाऊस.

त्यानंतर मी नियोजन सोडलं नाही, पण ते कशाचं करायचं हे बदललं. आता रविवारी संध्याकाळी वही घेऊन बसते, अर्धा तास. मुलांना काय शिकवायचं हे त्यात नसतं. गेल्या आठवड्यात प्रत्येक पोर आपणहून काय करत होतं, ते लिहिते. त्याच्यापुढे लिहिते, मी काय मांडून ठेवू. बस. या आठवड्याचं पान असं आहे: अकरा महिन्यांचा एकजण हातातली प्रत्येक वस्तू खाली टाकतो आणि वाकून बघतो. त्याच्यासाठी खाली एक स्टीलचं ताट ठेवायचं आणि त्याच्या हाताशी लाकडी चमचा, कापडी चेंडू, लोकरीचा गोंडा. चमचा टणकन वाजतो, गोंडा वाजतच नाही. हे त्याला कळतं तेव्हा त्याच्या भुवया बघाव्यात! दीड वर्षाची एकजण सगळं ओढत नेते, चपला, उशी, माझी पर्स. तिला एक टोपली दिली, दोरी बांधून, आत दोन जाड पुस्तकं. घरभर फरफटत नेते. पावणेतीन वर्षांचे शेठ सध्या सगळं एका ओळीत लावतात. त्यांना मसाल्याच्या रिकाम्या डब्यांची झाकणं दिली आहेत.

यात खर्च शून्य आणि फोटोत दाखवण्यासारखंही काही नाही. अडचण तीच आहे.

आता बाळांविषयी. जे बसतं पण अजून रांगत नाही अशा बाळासाठी माझ्याकडे एक वेताची टोपली आहे. ही कल्पना माझी नाही. इलिनॉर गोल्डश्मीड नावाच्या ब्रिटिश बाईंनी अशी 'खजिन्याची टोपली' रूढ केली. त्यांचा आग्रह असा की टोपलीत प्लॅस्टिक नको, घरातल्या खऱ्या वस्तू हव्यात आणि मोठ्यांनी जवळ बसायचं पण तोंड बंद ठेवायचं. माझ्या टोपलीत लाकडी पळी, दोन वाट्या, पितळी झाकण, घासून गुळगुळीत केलेली करवंटी, मोठा शंख, कोरा ब्रश आणि एक मोठं अख्खं लिंबू असतं (लिंबू रोज बदलते). वस्तू निवडायची माझी चाळणी म्हणजे टॉयलेट पेपर संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी. जे तिच्यातून आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात जात नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं यांना तर घरात बंदीच.

परवा आठ महिन्यांच्या एकीने टोपलीतून वाटी काढली. आधी तोंडात. मग जमिनीवर आपटली, एकदा, दोनदा. मग फिरवताना तिला वाटीच्या तळाशी पंखा फिरताना दिसला. थांबली. वर बघितलं, पंखा. खाली बघितलं, वाटीत पंखा. पुन्हा वर. चार-पाच वेळा. मग वाटी पालथी घातली, बहुतेक पंखा सांडतो का बघायला. मी घड्याळ लावलं होतं, बावीस मिनिटं. या बावीस मिनिटांत मी "वाटी, बाळा, वा-टी, बोल" म्हणाले असते, तर पंखा हुकला असता. गप्प बसणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि मराठी बाईला तर जरा जास्तच.

आणखी एक. बाळाच्या दिवसातला मोठा वेळ लंगोट, दूध, भरवणं, झोप यातच जातो. लोकांना वाटतं हे उरकून मग ॲक्टिव्हिटी. हंगेरीच्या डॉक्टर एमी पिक्लर यांनी महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, बुडापेस्टला एक बालगृह सुरू केलं. लंगोट बदलणं, अंघोळ, भरवणं ही कामं उरकायची नाहीत, त्यांचाच वेळ बाळाशी बोलायचा, हे त्यांच्या कामाचं मूळ. मला हे वाचल्यावर लाज वाटली होती, कारण मी एका हाताने लंगोट आणि दुसऱ्या हाताने फोन असं करायचे. आता आम्ही दोघी सांगून करतो. "आता पाय वर हं." थांबायचं. सात महिन्यांची पोर महिन्याभरात आपण होऊन पाय उचलायला लागली. तो फोटो काढून ठेवावासा वाटला, पण लंगोटाचा फोटो ग्रुपवर कसा टाकणार!

पिक्लरबाईंची दुसरी गोष्टही मी पाळते: बाळ आपणहून ज्या स्थितीत येत नाही, त्यात त्याला बसवायचं नाही. उशा लावून बसवणं बंद. आज्या रागावतात, रागावू देत. वॉकरही नाही. "आम्ही पण पांगुळगाड्यावरच चाललो की," असं एक आजोबा म्हणाले. आजोबा, तुमचा पांगुळगाडा लाकडी होता, त्याच्यामागे उभं राहून तुम्ही तो ढकलत होतात, पाय तुमचे होते. वॉकरमध्ये पोर लटकतं आणि गडगडत जिन्यापर्यंत जातं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. बाळ जमिनीवर पालथं हवं, जागेपणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की न रांगणाऱ्या बाळाला दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पोटावर ठेवा, आणि दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नकोच. झोपवताना मात्र पाठीवर. या एवढ्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

खरं डोकं लागतं ते वेगवेगळ्या वयांची मुलं एका खोलीत सांभाळताना. मोठ्या डेकेअरमध्ये वयाप्रमाणे खोल्या असतात. माझ्याकडे एक हॉल. मोठ्यांच्या खेळातली बारीक वस्तू रांगणाऱ्याच्या तोंडात जाणार हे ठरलेलं. म्हणून माझं वेळापत्रक बाळांच्या झोपेवर चालतं. साडेदहाला तिघं झोपतात. तो पाऊण तास मोठ्यांचा. कणकेचा गोळा, मटार सोलणं (नळीच्या नियमाला एवढाच अपवाद, म्हणून दाणे मावशींच्या डोळ्यांदेखत पातेल्यात), पाण्याची परात आणि कप. मी परातीपासून हलत नाही, दाराची बेल वाजली तरी. वापर झाला की परात रिकामी, आणि बाथरूममधली बादली कायम उपडी. झोपेचं गणित चुकलं की दिवसाचा प्लॅन गुंडाळायचा आणि सगळ्यांना घेऊन खिडकीत उभं राहायचं. खाली कचऱ्याची गाडी येते. तिच्यापुढे कुठलीही ॲक्टिव्हिटी फिकी आहे.

दारातल्या त्या आईवर माझा राग नाही, हे नीट सांगायला हवं. २०१७ पासून कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, चांगलंच झालं. पण ती संपली की सहा-सात महिन्यांचं बाळ माझ्याकडे येतं. नेमकं याच सुमाराला त्याला आपलं-परकं कळायला लागतं. आई गेली की ती गेलीच, असं त्याला वाटतं. पहिले पंधरा दिवस माझ्या वहीत त्या बाळापुढे एकच ओळ असते: आईची न धुतलेली ओढणी, आणि त्याला घेणारी बाई एकच, मी किंवा मावशी, अदलाबदल नाही. मग दहा-बारा दिवसांनी बुवा-कुक. ओढणीमागे तोंड लपतं आणि परत येतं. गेलेलं माणूस परत येतं, हे त्या वयाला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार?

आणि आई? ती लेडीज डब्यात चेंगरून उभी असते, मनात पाल चुकचुकत असते. सूर्यफूल तिच्यासाठी असतं, बाळासाठी नाही. तिला पुरावा हवा असतो की दिवसभर पोर नुसतं पडून नव्हतं. ही गरज खोटी नाही. म्हणून मी आता रोज दुपारी प्रत्येक घरी एक ओळ पाठवते. "आज तिला वाटीत पंखा सापडला." "आज त्याने मोठ्या वाटीत छोटी घातली, मग उलटं करून बघितलं, जमलं नाही, रागावला." त्या आईला पहिल्याच दिवशी पाठवली. तासाभराने उत्तर आलं: "काकू, म्हणजे तो घरी माझ्या डब्यांची झाकणं लपवतो ते यासाठीच का?" बघा, ती आता बघायला लागली.

पाळणाघर चालवणाऱ्या काही ताया विचारतील, मग छापील आराखडे वाईट का? नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'नवचेतना' आराखडा काढला, त्यात महिन्यागणिक खेळ आहेत. आपल्याच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बिया, शंख-शिंपले, पानं अशा आसपासच्या वस्तूंतून साधनं केली, अंगणवाडीची कल्पनाही ताराबाईंची. ती मुलं माझ्याकडच्यांपेक्षा मोठी, पण रीत तीच. काही सुचत नसेल तेव्हा असले आराखडे जरूर उघडा. फक्त आधी पोराकडे बघा, मग कागदाकडे. दहाव्या महिन्याच्या पानावर जे आहे ते तुमच्या दहा महिन्यांच्या पोराने वाचलेलं नसतं.

असो. आज रविवार, वही उघडलीय. पावणेतीन वर्षांच्या शेठना ओळीसाठी आणखी झाकणं हवी आहेत, मोठ्या मापाची. माळ्यावर जुन्या तुपाच्या डब्यांची होती, चांगली पाच-सहा. आत्ताच मावशींना फोन केला. म्हणाल्या, ताई, ती मी गुरुवारीच भंगारवाल्याला दिली.